कोवळ्या स्वरांचा वृंद

वाशीतील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी मुलांचा गायनवृंद जमत असे. संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तो उभा केला. चाली त्यांच्या, शब्दोच्चार शुद्ध करून घेण्याचे काम माझे. श्लोकपठण हे माझ्या नित्य उपासनेचे अंग, आणि त्या मुलांचा एकस्वर कानी पडला की उपासना पावली असे वाटे. नेरूळपासून ऐरोलीपर्यंतच्या गणेशमंडपांतून त्यांना बोलावणी येत. श्रोत्यांतली चिमुकली त्यांच्याबरोबर गात, आणि घरी जातानाही गातच राहत.

वृंदाचा एक नियम होता. आवाज फुटू लागला की बाईंच्या पाया पडून आपली जागा धाकट्याला द्यायची. एका वर्षी उत्तम गाणारी मुले एकदमच निघणार होती. तो स्वर हरपू नये, नव्या मुलांनी घरी ऐकून शिकावे, एवढ्याच हेतूने बाईंनी सर्व गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली.

गेल्या गणेशोत्सवात कोपरखैरण्याच्या एका मंडपात संयोजकाने बाईंना गाठले.

"बाई, पेटी राहू द्या. तुमचं रेकॉर्डिंग एका पालकांकडून मिळालंय, तेच लावू. मुलं नुसते ओठ हलवतील."

"मुलं गाणार आहेत. महिनाभर तालीम केलीय त्यांनी."

"अहो, एखादं बेसूर झालं तर? पालक व्हिडिओ काढतात, उगाच टेन्शन! आणि रेकॉर्डिंग काय मस्त आहे हो तुमचं!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलणार, तोच गाणे सुरू झाले.

आता नोकरी-संसाराला लागलेल्या मुलांचे ते जुने, कोवळे स्वर मंडपभर पसरले. रंगमंचावर आमची आजची मुले मुकाट्याने तोंडाची उघडमीट करीत राहिली. एवढ्या टाळ्या वृंदाला पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या.

पुढच्या गुरुवारी बाईंनी पेटीवर सूर धरला. कोणीच गाईना. अखेर एक चिमुरडी म्हणाली, "आजी, गाणं लावा ना. मग आम्ही करतो."

"तू गा ना, बाळा."

"नको. त्यांच्यासारखं नाही येत आम्हाला."

बाईंनी सूर तसाच धरून ठेवला. पोरीने त्यांचे मन राखण्यासाठी ओठ हलवले. आवाज उमटला नाही.

त्यानंतर वृंद पुन्हा भरला नाही. ज्या नादाला आयुष्यभर ब्रह्म मानले, तो त्या लेकरांच्या कंठातून आमच्या देखत निघून गेला. मी आजही देवापुढे बसतो. मागावे काय, ते मात्र सुचत नाही.