नाव घ्या, वहिनी

विनोद करण्याआधी मी थोडा विचार करतो, असं माझी बायको लोकांना सांगते. घराण्याची अब्रू राखायला सांगत असावी. माझं तोंड नेहमी माझ्या आधी पोचतं.

आमच्या गावच्या वन समितीचा मी सचिव. पुरुष ऊसतोडीला गुजरातेत गेले की जंगलराखणीची पाळी बायकाच करतात, चौघी मिळून, हातात काठ्या. त्या सकाळी त्यांना तोडलेले साग दिसले आणि ते विसरवाडीच्या रस्त्याकडे ओढून नेणारी माणसं. तिघी मागे राहिल्या होत्या. चेहरा पाहिला तो पुढे असलेल्या माझ्या शेजारच्या वहिनीने.

दुपारी शाळेच्या ओट्यावर सभा भरली. मी पेन उघडलं. "कोण होतं, वहिनी?"

"गावमाधलाच शे."

"नाव?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "नाव नाही घेता येणार, भाऊ."

मला वाटलं, लाजली. बायकांना सभेत बोलतं करा, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी करायला गेलो. "मग उखाण्यात घ्या," म्हटलं.

गावात उरलेले पुरुष हसले, सगळ्यात मोठ्याने मी. बायकांपैकी कोणी हसलं नाही. मग आमचंही हसू एकेक करून बंद पडलं.

आमच्याकडे सून दोघांचीच नावं तोंडात आणत नाही. नवऱ्याचं आणि जेठाचं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचं. वहिनीचा नवरा बारडोलीकडे ऊस तोडत होता. जेठ खांबाला टेकून विडी ओढत होता. ती त्याच्याच घरात राहते.

"अनोळखी लिहू?" मी घाईघाईने विचारलं.

"अनोळखी नका लिहू," ती हळूच म्हणाली.

जेठाने विडी चपलेखाली विझवली. "सचिव," आवाज अगदी गोड, "सकाये पाळी कोनी शे?"

"उद्या? आठवडाभर याच चौघींची, तुमच्या घरची धरून," मी सांगून मोकळा.

"मंग मी येस ना संगे. जंगल शे, बाईमाणूस एकली कसाले?"

"एकली नही," एक म्हातारी बोलली. "आम्ही चौघी ऱ्हातस."

"आज बी चौघीच व्हत्यात ना?"

सभा आपोआप उठली. वहिनीने काठी उचलली. रिवाजाने जेठ पुढे चालतो, सून डोक्यावर पदर घेऊन मागे. त्या दिवशी तो ओट्याखाली थांबला आणि तिला पुढे जाऊ दिलं.