खंडेनवमीला पुजलेला ट्यूनर

माझ्या रुखवतात लाडू-चिवड्याच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमचा एक भलामोठा डबा मांडला होता. बायका वाकवाकून बघत होत्या. एकीनं ते शेवयांचं मशीन असल्याचं जाहीर केलं आणि बाकीच्यांनी ते मान्यही केलं. तो माझा ट्यूनर होता. मी परवाना काढलेली हॅम, म्हणजे हौसेनं घरातून रेडिओवर दूरदूरच्या लोकांशी बोलणारी बाई. रेडिओ आणि गच्चीवरची तार यांचं आपणहून पटत नाही. त्यांची सोयरीक जमवून देतो तो ट्यूनर.

लोहाऱ्याला सासरी आले, तेव्हा सासऱ्यांनी, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, एवढंच विचारलं की ह्याचा घरात काही धोका नाही ना. मी बेधडक सांगितलं, छे, ट्रान्झिस्टरसारखाच आहे. खरं सांगितलं असतं तर डबा त्याच दिवशी माळ्यावर गेला असता. चारशे वॉट सोडले की आतल्या पत्र्यांवर आणि मागच्या तारेच्या टोकाला हजारो व्होल्ट चढू शकतात. हात लागला तर मांस आतून भाजतं आणि अप्पांच्या वयाचं माणूस धक्क्यानं जागीच दगावू शकतं. म्हणून आधी अगदी कमी शक्तीवर गुंड्या फिरवून जुळवून घ्यायचं, मग शक्ती वाढवायची, वाढवल्यावर गुंडीला हात लावायचा नाही. झाकण उघडं असताना तर वीजच द्यायची नाही. मी हे सगळं पाळायचे. घरात बोलायचे मात्र एक अक्षर नाही.

आमचं घर लिंगायतांचं, अप्पांचं किराणा दुकान. खंडेनवमीला ते तराजू, वजनमापं, सुतळीची कात्री, अगदी स्टेपलरसुद्धा पुजतात. लग्नानंतरच्या दुसऱ्या खंडेनवमीला त्यांना माझा डबा आठवला. मी शाळेत शिकवते, तेव्हा शाळेच्या कामात होते. पूजा पत्र्याची नसते, आतल्या यंत्राची असते, असा विचार करून त्यांनी दुकानातला पेचकस आणला, झाकण काढलं, आत विभूतीचे पट्टे ओढले, ओलं हळदीकुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या उधळल्या आणि सहाच्या सहा स्क्रू नीट आवळून ठेवले. कामाला अगदी चोख माणूस. मला एवढंच कळवलं की डबा पुजलाय, आता उद्यापर्यंत त्याला आराम.

पण चार वाजता केरळातल्या एका मैत्रिणीशी बोलायचं ठरलं होतं. मी फक्त ऐकते, असं अप्पांना म्हणाले. ही दुसरी थाप.

कमी शक्तीवर सगळं बरं दिसत होतं. मीटरचा काटा जरा चळत होता, तेवढ्यावरून मी थांबायला हवं होतं. घाईत पूर्ण शक्ती सोडली आणि डब्यातून चर्र आवाज आला. झाकणाच्या जाळीतून निळा उजेड फाकला. पाठोपाठ झेंडू भाजल्याचा वास. मी माईकवरचं बटण सोडलं; ते दाबलेलं असेल तोवरच शक्ती तारेत जाते. दारात अप्पा हात जोडून उभे होते.

"पावला," ते म्हणाले.

पुढच्या पाच मिनिटांत गल्लीतल्या आठ-दहा बायका आत. एकीनं डब्यापुढं नारळ ठेवला, दुसरीनं लेकीच्या बदलीचं मागणं मांडलं. येडशीच्या रामलिंगालाही असा उजेड कधी बघितला नाही, असं तिसरीनं सांगितलं. सगळ्यांना तो पुन्हा बघायचा होता. माझ्या हातात माईक, मशीन चालूच, आणि अप्पा विभूतीनं भरलेली बोटं घेऊन सरळ मागच्या तारेच्या टोकाकडं निघालेले. माझा अंगठा बटणावर होता, चुकून दाबला गेला की संपलं. तरी तोंडून तिसरी थाप गेली.

"अप्पा, आता शिवू नका. सोवळ्यात हाय तो."

"माझ्या गळ्यात लिंग हाय," अप्पा न थांबता म्हणाले. "मला कसलं आलंय सोवळं?"

थापा संपल्या. मी माईक फेकला, प्लग उपसला आणि सांगून टाकलं की त्या टोकाला हात लागला तर माणूस मरू शकतो आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खोली बघता बघता रिकामी झाली. जाताना नारळवाली नारळही घेऊन गेली.

अप्पा खुर्चीवर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डबा जाणार हे नक्की होतं आणि त्या क्षणी तो जावा असंच वाटत होतं. बराच वेळ ते बोटांवरची विभूती धोतराला पुसत राहिले.

"म्हंजे हे तुला बी मारतंय?"

मी मान डोलावली.

"आन् तू यकटीच बसतीस हितं, दार लावून?"

मी उपसलेला प्लग टेबलावर ठेवला.

"तुला काय झालं तर हे बंद कुठनं करायचं, ते दाव आधी."

मी भिंतीवरचा मुख्य खटका दाखवला. माझ्या अंगाला हात न लावता आधी तो पाडायचा, पायात रबरी चप्पल हवी, हेही सांगितलं. घरात कुणी चप्पल घातली तर दिवसभर बडबडणारे अप्पा उठले, बाहेरून आपल्या चपला घालून आत आले आणि खटक्यापाशी उभे राहिले. मग मला म्हणाले, "पड बघू खाली. जमतंय का बघतो."