प्रयोगशाळेची किल्ली

काळेवाडीतल्या एका शाळेत मी बरीच वर्षं शिपाईकाम केलं. मुलं मला मावशी म्हणायची, आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. अ तुकडीसाठी दर आठवड्याला मी ती खोली उघडायची, ड तुकडीसाठी मात्र क्वचितच. "त्यांना कशाला? शेवटी चाकणला कंपनीतच जाणार," विज्ञानाचे सर म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं.

दहावी ड मधली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत यायची. "मावशी, मला सायन्सला जायचंय. एकदा तरी आत नेऊन दाखवा ना."

"डॉक्टरीण होणारेस होय गं? जा, आधी डबा खा," मी हसून म्हणायची. पहिल्यांदा तीही हसली. दिवाळीनंतर यायचीच बंद झाली.

निकालाच्या दिवशी तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. विज्ञानात जेमतेम पास होती. "तुमचंच बरोबर होतं, मावशी. सायन्स आपलं काम नाही."

मी किल्ली काढली आणि तिला आत नेलं. आता त्याचा काय उपयोग होता? तरी ती कपाटापुढे उभी राहून प्रत्येक बाटलीवरचं अवघड इंग्रजी नाव मोठ्यानं वाचत राहिली. एकाही नावाला अडखळली नाही.