मेथीच्या पाण्याशेजारची बरणी

"अगं, तुझ्या बाबांनी ते पिऊन टाकलं! सगळं!"

आईची आरोळी महाराजपुरातल्या आमच्या स्वयंपाकघरातून निघाली ती थेट नदीवरच्या ग्वारीघाटावर पोचली असणार. नावाड्यांच्या हातची वल्ही सुटली असतील. माझ्या हातचा टूथब्रश मात्र खरोखर सुटला.

'ते' म्हणजे समुद्राचं शेवाळ. समुद्रापासून लाख कोसांवर, नर्मदेकाठी बसून मी त्याची साखर करायच्या मागे लागले होते. दुधाला विरजण लावतात तसं शेवाळाला एन्झाइम लावायचं; ते त्यातल्या कर्बोदकांच्या लांब साखळ्या तोडून साखर सुटी करतं. त्याला रात्रभर ऊब लागते. प्रयोगशाळेतली वीज गेलेली, म्हणून एक बरणी घरी आणून आईच्या दह्याच्या डब्याजवळ, कोमट पाण्यात ठेवली. शेजारीच बाबांचं मधुमेहावरचं मेथीचं पाणी.

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये बरण्या दोन होत्या. दोन नंबरच्या बरणीत, जंतूंनी साखर खाऊ नये म्हणून, औषधाचे थेंब होते. ते औषध जंतूंना मारतं आणि माणसालाही सोडत नाही. अंधारात चाचपडत मी कोणती उचलली? नंबर बघावा, तर बाबांनी शिस्तीत बरणी घासून पालथी घातलेली. नंबर मोरीत वाहून गेलेला.

"काहून आणली ती पीडा घरात?" ऑटोत आई रडून राहिली होती. मी बाबांचं मनगट धरलं होतं. धडधडतंय ते त्यांचं की माझं, कळेना. त्यांचे ओठ निळे दिसत होते. मग हिरवे. "भैया, जल्दी!" मी अशी किंचाळले की नेपियर टाउनच्या दवाखान्यापर्यंतच्या सगळ्या गाईंनी रस्ता सोडला.

दवाखान्याच्या पायरीवर फोन वाजला. माझ्या सांगण्यावरून माझी ज्युनिअर मैत्रीण उरलेली बरणी बघायला प्रयोगशाळेत धावत गेली होती. धापा टाकत म्हणाली, "दीदी, दो नंबर यहीं है, फ्रिज में."

मी तिथेच पायरीवर बसले. तरी डॉक्टरांनी, रक्तातली साखर तपासत, दुपारपर्यंत बाबांना झोपवून ठेवलं. घरी परतताना मी रागानं, रडत विचारलं, "बाबा, चव वेगळी आहे हे कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की," बाबा म्हणाले. "वाटलं, तुझ्या आईनं काही नवीन सुरू केलं असेल."