दोनच बारांपुरती दारू

आमच्या कसबा पेठेतल्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि एका बंदुकीच्या मागे लागले. बंदूक काकूंच्या माहेरची, लोणी काळभोरची, जुनी चकमकीची. तिच्या घोड्यात गारगोटी बसवलेली असते. ती पोलादी पट्टीवर आपटली की ठिणग्या खालच्या चिमुकल्या वाटीतल्या दारूवर पडतात आणि बार उडतो. काकांनी दोन वर्षं खपून तिची स्प्रिंग हातानं घडवली. काकू म्हणायच्या, "घरातला मिक्सर तेवढा दुरुस्त होत नाही."

दसऱ्यानंतर बंदूक संग्रहालयात जाणार होती, काचेमागे, कायमची. त्याआधी काकांना तिचा भडका एकदा बघायचा होता. मागे एकदा बार काढला तेव्हा आग नाकासमोर उठली आणि डोळे आपोआप मिटले. "दुसऱ्या कुणाला उडवायला द्या की," मी म्हटलं. "कुणाला? तुला?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. म्हणून मग फोटो काढायचं ठरलं. मी तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीत वायटूकेची, म्हणजे २००० सालासाठी संगणकातल्या तारखा दुरुस्त करायची कामं करत होते आणि नवाकोरा कॅमेरा घेऊन सारखी मिरवत होते.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही तिघं काकूंच्या भावाच्या शेतात पोचलो. परवानगीचा कागद खिशात, गोळी नाही, दारू दोनच बारांपुरती. काकांनी नेम धरला, चाप ओढला. खट्! एकही ठिणगी नाही.

काका लालबुंद. गारगोटीवर ठसठशीत ओलं कुंकू!

"अगं, इथं कुणी लावतं का?"

"शस्त्रपूजा आहे. शस्त्राला नाही तर काय तुमच्या कपाळाला लावू?" काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून पूजेचं तबक होतं.

काकांनी गारगोटी धोतरानं कोरडी केली आणि पुन्हा चाप ओढला. आई गं! वाटीतून नारिंगी जाळ उसळला, मग धडाम, मग पांढरा धूर. मी नाचायलाच लागले. "दिसलं! काका, दिसलं!"

"कसं होतं गं?" काका डोळे चोळत विचारत होते.

आणि माझं अवसान गळालं. बटण दाबल्यावर कॅमेऱ्यातला आरसा वर जातो आणि तेवढा क्षण डोळ्यापुढे काळोख होतो. म्हणजे जे मला दिसलं ते फिल्मवर नव्हतं. "ते सोडा हो, पुन्हा भरा लवकर!" मी खेकसले. "आणि काकू, तुम्ही चौकटीत येताय, बाजूला व्हा!" काकू जागच्या हलल्या नाहीत.

शेवटचा बार. मी श्वास रोखला. खट् ऐकू येताच बटण दाबलं. काळोख! कान बधिर झाले. मला काहीही दिसलं नाही आणि मी आनंदानं किंचाळले.

दुसऱ्या दिवशी रोल धुऊन आला तेव्हा दोन-दोन पायऱ्या उतरत मी खाली धावले. फोटोत भडका होता, अगदी फुललेला, एकेक ठिणगी मोजावी असा. त्यामागे डोळे घट्ट मिटलेले काका. आणि त्यांच्या मागे तबक धरून उभ्या काकू, डोळे हे एवढाले, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर असला आनंद मी त्यांच्या कधी बघितलाच नव्हता.

काकांनी भडका पाहिला. मग बोट सरकत सरकत काकूंवर गेलं आणि तिथंच थांबलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, तू बघितलंस?"

"बघितलं की."

"मग बोलली नाहीस ती?"

"मला कुणी विचारलं?"

काका फोटो हातात घेऊन आत गेले. भाजी चिरत बसलेल्या काकूंसमोर पाटावर टेकले. "आता विचारतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

काकूंनी विळी बाजूला सारली.