हातमोजे घालून भाकरी

“पहेलां एने ग्लव्ज पहेरावो. पछी ज खाईश.”

आधी हिला हातमोजे घाला, मगच खाईन. जेवायला आलेली बाई हे माझ्याशी बोललीच नाही. मॅनेजरशी बोलली. मी समोरच चुलीशी बसले होते. हातात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाचा गोळा.

सुरतेतल्या एका मोठ्या हॉटेलची हिरवळ होती. आमच्या डोंगरातल्या रिसॉर्टनं तिथं आदिवासी जेवण ठेवलं होतं. मी सुरतेतच पांडेसऱ्याच्या कारखान्यात साड्यांचे धागे कापते. रिसॉर्टच्या मॅनेजरला गावची बाई दाखवायला पाहिजे होती, म्हणून त्यानं मला शोधून काढलं. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसवलं. तसं आई नेसायची, चिखलात उतरायचं म्हणून. मी हिरवळीवर नेसले.

हातमोजे घातले. पीठ प्लास्टिकला चिकटायचं, भाकरी फाटायची. लोक फोटो काढत होते.

आमचं शेत म्हणजे डोंगराचा उतार. नागली, वरई, थोडा उडीद. विकायला नाही, खायला. बी कोणतं राखायचं, कुठं काय पेरायचं, सगळं आई ठरवायची. पण बाप गेल्यावर सातबारा दादाच्या नावावर झाला. दादानं जमीन रिसॉर्टला भाड्यानं दिली. आईला विचारलं नाही. मला तर नाहीच. पिकाच्या जागी तंबू उभे राहिले. दादा त्यांच्या फाटकावर राखणीला बसला, आई पाहुण्यांच्या चादरी धुवायला लागली. मी सुरतेची वाट धरली.

मॅनेजरनं माइक माझ्या तोंडाशी धरला. हळूच म्हणाला, “बोल, ही नागली आमच्या शेतातली आहे.”

पिठाची पिशवी सुरतेतल्याच पर्वत पाटियाच्या दुकानातून आली होती. मीच फोडली होती.

मी दमले होते. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

“ही नागली दुकानातली आहे,” मी बोलले. “आमच्या शेतात यांचे तंबू आहेत. आम्ही तिथं पेरू शकत नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हासुद्धा कार्यक्रमच आहे.

मी हातमोजे काढले. उठले. मॅनेजर मागून म्हणाला, “तुझ्या आईला उद्यापासून येऊ नको सांग.”

गावी गेले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. साबणानं बोटं सोललेली.

“तुझ्या तोंडापायी माझं काम गेलं,” ती म्हणाली.

खरंच होतं ते. तिनं भाकर वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

तंबूंच्या वर एक तुकडा अजून पडीक आहे. तो भाड्यात नाही. सकाळी मी तिथं पालापाचोळा पसरायला लागले, तो जाळून रोपासाठी राब भाजायचा म्हणून. दादा धावत आला.

“इथं जाळू नको. धूर तंबूत जातो. साहेबांनी मनाई केलीय.”

“तुला केलीय,” मी म्हटलं. “मला कुणी विचारलेलं नाही.”

“माझी नोकरी जाईल.”

“जाईल.”

तो उभा राहिला. थोड्या वेळानं आई चढून आली. अजून रागातच होती. काठीनं पाला सारखा केला आणि एवढंच म्हणाली, “वाऱ्याकडून पेटव.”

मी पेटवला. धूर खाली उतरला. तंबूतून माणसं डोळे चोळत बाहेर आली, दादाच्या नावानं ओरडायला लागली.

सुरतेला मी परत जाईन, धागे कापीन, पोट आहे. पण दरसाल राबाला इथं येणार. आणि कुणी विझवायला आलं, तर त्याला आधी माझ्या अंगावर पाणी ओतावं लागेल.