घटाखालचं पाऊल

आमच्या जालना जिल्ह्यात वाघ नाही. हे शाळेतल्या पोरांना माहीत आहे, बाजारातल्या बायकांना माहीत आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं. पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. जालन्यातल्या मस्तगड भागात आमच्या दोन खोल्या, त्यांत देवांपेक्षा वाघांचे फोटो जास्त. लग्नाकार्यात लोक आहेर म्हणून भांडी देतात, हे वाघाचं कॅलेंडर देतात. नवरदेवाची आई ते उलटं-सुलटं करून बघते, मग माझ्याकडे बघते, आणि मी मांडवात कोण कोण आलंय ते बघायला लागते.

दरवर्षी पोरांच्या तोंडावर पट्टे रंगवून हे ‘वाघ वाचवा’ची फेरी काढतात. उन्हात घामाने रंग ओघळतो आणि परत येईस्तोवर सगळ्या वाघांच्या मांजरी झालेल्या असतात. एकदा तर चतुर्थीला राजूरच्या गणपतीपाशी, पेढ्यांच्या दुकानांना लागूनच, पुठ्ठ्याचा मोठा वाघ घेऊन उभे राहिले. मला पत्रकं वाटायला बसवलं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, “मास्तर, वाघ कुठं ठिवलाय? याला दाखवायचा व्हता.”

ह्यांनी तिला जंगल, पाणी, नद्या, हरणं, सगळं समजावून सांगितलं. वाघ राहिला तर रान राहतं आणि रान राहिलं तर आपल्या विहिरींना पाणी राहतं, इथपर्यंत आणलं. बाईने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, “म्हंजी हितं न्हाईच का? मंग उगंच उभं करून राह्यले आमाला.” आणि जाता जाता पुठ्ठ्याच्या वाघापुढे जास्वंदीचं फूल ठेवून गेली. दुपारपर्यंत वाघापुढे फुलांचा ढीग झाला आणि पत्रकं माझ्याजवळ तशीच राहिली.

“तुमचं बरंय,” मी त्यांना चिडवायची. “तुमच्या कारकिर्दीत एकही वाघ दगावला नाही.”

हे चिडायचे नाहीत. तरुण वाघ नवीन मुलूख शोधायला निघतो, जिल्हेच्या जिल्हे ओलांडतो, नाल्यानाल्याने, मक्यातून, कपाशीतून जातो, आणि त्या वाटेवर त्याला सांभाळणं आपल्या हातात असतं, असं सांगायचे. मी भाजी निवडता निवडता हो म्हणायची.

त्यांचं खरं दुखणं मात्र गावात होतं, आणि ते दुखणं म्हणजे माझे थोरले दीर. गाव आमचं राजूरच्या अलीकडे. शेत दादाच करतात. मका, थोडी मिरची, थोडी कपाशी. गेली काही वर्षं रानडुकरांनी इतका उच्छाद मांडला की कणसं भरली की एका रात्रीत अख्खी पट्टी लोळवतात. दादांनी मक्याभोवती तार ओढली आणि दिवस मावळला की मोटारीच्या लाईनवरून तिच्यात सरळ करंट सोडायला लागले. गावात बरेच जण सोडतात. माणूस मरतं त्याने, कुत्री मरतात, बैल मरतो. ह्यांनी दरवेळी विनवण्या केल्या. कायद्याची भीती घातली. बॅटरीवरचं झटका मशीन आणून देतो म्हणाले, त्याने जनावराला नुसता हिसका बसतो, जीव जात नाही. दादा म्हणायचे, “त्यानं डुकराला नुसत्या गुदगुल्या व्हत्यात. तू तुह्या वाघाकडं पाह्य, माहा मका मी पाह्यतो.”

त्या वर्षी नवरात्रात आम्ही नेहमीसारखे गावी गेलो. आमचं कुलदैवत माहूरची रेणुका, आणि घट थोरल्या घरीच बसतो. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी हे नाल्याकडे गेले आणि पळत परत आले. हा माणूस शाळेची घंटा झाली तरी पळत नाही. तोंड पांढरं पडलेलं. मला हाताला धरून शेतात नेलं.

नाल्याच्या कडेला ओल्या काळ्या मातीत एक पाऊल उमटलं होतं. माझ्या पसरलेल्या पंजात मावेना एवढं. आणि तिथून दादांची तार हात लांबवला असता तर लागली असती. तार रात्रभर चालू होती.

“इथून गेला,” हे म्हणाले. “इथून. आणि इकडे वळला नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. मला पहिल्यांदाच चिडवावंसं वाटलं नाही.

पण तो गेलाच आहे, की मक्यात दडून बसलाय, की नाल्याने फिरून येणार आहे, हे कोणाला ठाऊक? रात्री तार चालू झाली आणि तो त्याच वाटेने आला तर संपलं. ह्यांनी वनरक्षकाला फोन लावला. तो निघतो म्हणाला, पण पाऊल जपा, त्याचा साचा घ्यायचाय, असं दोनदा बजावलं. ह्यांनी पावलावर अलगद घमेलं पालथं घातलं, घमेल्यावर दगड ठेवला, मला म्हणाले, “कोणाला बोलू नको,” आणि स्वतः फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत फाट्याकडे गेले की अर्ध्या गावाला कळलं.

आता घटस्थापनेला आमच्याकडे बायका शेतात जाऊन काळी माती आणतात. त्या मातीत धान पेरून वर घट मांडतात. त्या सकाळी साताठ बायका टोपली-विळा घेऊन निघाल्या, पुढे माझ्या जाऊबाई. शेताशी आल्या तोवर त्यांना सगळं कळलेलं होतं आणि सगळं जुळलेलंही होतं. वाघ आला पूर्वेकडून. पूर्वेकडे माहूर. दिवस घटस्थापनेचा. आता यात विचारायचं काय राहिलं?

“आक्का, ते घमेलं उचलू नका,” मी आडवी झाले. “साहेब येणारेत, साचा घ्यायचाय.”

“साच्याचं काय करतेत?”

“ऑफिसात ठेवतात.”

जाऊबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझंच बोलणं खुळ्यासारखं वाटलं. “आईनं सोताचं वाहन पाठिवलं, आन् त्याचं पाऊल ऑफिसात?” त्यांनी घमेलं उचललं, पावलाला हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं आणि विळ्याने ती सगळी माती अलगद टोपलीत भरली. मग बाकीच्या बायका कशाला मागे राहतील? प्रत्येकीने मूठ-मूठ घेतली. पाऊल संपलं तेव्हा आजूबाजूचीही घेतली. शेवटी तिथे नारळाचं रोप लावायला खणावा तसा खड्डा राहिला आणि कडेला थोडं कुंकू.

हे वनरक्षकाला घेऊन आले तेव्हा मी एकटीच खड्ड्यापाशी उभी होते. त्या बिचाऱ्याच्या हातात प्लास्टरची पिशवी आणि पाण्याची बाटली. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं.

“सर, ठसा?”

मी घराकडे बोट दाखवलं.

घरी जाऊबाई दारातच उभ्या होत्या. “घटाखाली हाये,” त्या म्हणाल्या. “पाह्यचा आसंन तर हातपाय धुवून या.” आणि सरकारी माणूस खरंच हातपाय धुवून आत गेला, हात जोडून आला. जन्मभर जनजागृती करणारे आमचे हे ओसरीवर कपाळाला हात लावून बसले. वाघ हा प्राणी आहे, चमत्कार नाही, हे वाक्य त्यांच्या प्रत्येक भाषणात असतं.

नशीब, नाल्याने पुढे चालत गेल्यावर वनरक्षकाला रेतीत आणखी दोन पावलं सापडली. वाघच, तो म्हणाला, बिबट्या नाही. परत येताना त्याने तार पाहिली आणि त्याचा आवाज बदलला. हा गुन्हा आहे, काढून टाका, वाघ मेला तर तुरुंगात जाल.

दादा भडकले. “डुकरं आमचा मका खात्यात तव्हा कुठं असता तुमी? वर्साची मेहनत हाये ही. वाघ आज हाये, उद्या न्हाई. मका गेला तर आमी काय खावं?” आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही खोटं नव्हतं. ती सगळी कणसं घाम गाळून वाढवताना मी त्यांना पाहिलेलं आहे. वनरक्षक बजावून निघून गेला. ह्यांनी दुपारभर भावाला समजावलं. नुकसानभरपाई मिळते म्हणाले. दादा म्हणाले, “मिळंन तव्हा मिळंन. दिवस मावळला की लाईन चालू, बिलकुल चालू.” हे उपाशीच बसून राहिले. मी ताट वाढून आणलं तर म्हणाले, “तो आज याच वाटेने परत आला तर मी पुन्हा कोणत्या तोंडाने वर्गात उभा राहू?”

दिवस कलला. आत आरतीची तयारी झाली आणि दादा बॅटरी घेऊन मोटारीच्या खोलीकडे निघाले. जाऊबाई हातात आरतीचं ताट घेऊन दारात आल्या. आवाज चढवला नाही.

“आवो, घटाखाली त्याचं पाऊल हाये. तुमी तिकडं करंट सोडून येणार आन् हितं उभं राहून आरती म्हणणार?”

दादा अंगणातच थांबले. एक कचकचीत शिवी हासडली, ती डुकरांना होती, वाघाला होती की आमच्या ह्यांना होती कळलं नाही, आणि बॅटरी खुंटीला अडकवून आरतीला येऊन उभे राहिले. ह्यांनी त्या दिवशी आरती इतक्या मोठ्याने म्हटली की शेजारचे बघायला आले.

घट उठेपर्यंत तार बंद राहिली आणि डुकरांना ते कळायला वेळ लागला नाही. नाल्याकडची पट्टी गेली. रोज सकाळी दादा शेतातून येऊन धाकट्या भावाला म्हणायचे, “तुह्या वाघाला सांग, नुसतं पाऊल ठिवून जाऊ नको, दोन-चार डुकरं बी खाय म्हणावं.” हे मान खाली घालून ऐकायचे. घटातलं धान मात्र हिरवंगार, वीतभर वर आलं आणि जाऊबाईंनी गावभर दाखवलं.

दसऱ्याला ह्यांनी दादांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पाया पडले, आणि तारेचं विचारायचं म्हणून नुसते घुटमळत राहिले. दादांनीच विचारलं, “पोचला का रे तो?”

“काही कळलं नाही अजून.”

“मंग कळू दे आधी. तोवर ऱ्हाऊ दे बंद.”

आम्ही जालन्याला परत आलो आणि माझ्या घरात एक नवीनच गंमत सुरू झाली. दिवाळीच्या तोंडावर वनरक्षकाने ह्यांना फोटो पाठवला. पश्चिमेला कन्नड तालुक्यातल्या डोंगरात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ सापडला होता, बहुतेक हाच. पाणी पिऊन वर बघत होता, जिभेवर थेंब. ह्यांनी तो फोटो मला दाखवला, स्वतः खूप वेळ पाहिला, आणि फोन खिशात ठेवून दिला.

“दादांना कळवा की,” मी म्हटलं.

“कळवतो.”

कळवेनात. दोन दिवस गेले तरी कळवेनात. मग माझ्या लक्षात आलं. वाघ पोचला हे कळलं की दादांची तार चालू. म्हणजे जगाला वाघाची बातमी सांगत फिरणारा माझा नवरा, जन्मात पहिल्यांदा मिळालेली खरी बातमी दडवून बसला होता. मी इतकी हसले की उचकी लागली. हे रुसले. मला मात्र ते पाहवेना. ज्या माणसाने वर्षाचा मका सोडला त्याला एवढं तर कळायला हवं. भाऊबीजेला गावी गेलो तेव्हा मीच ह्यांच्या खिशातून फोन काढला आणि दादांच्या हातात दिला.

“पोचला, दादा.”

जाऊबाई वाकून बघायला लागल्या. दादांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “हाच का?”

“हाच असावा,” हे पडल्या आवाजात म्हणाले.

“तब्येत बरीय त्याची.” दादा बराच वेळ बघत होते. “आन् बाकीचे?”

“बाकी कोणी नाही तिथे. एकटाच आहे. वाघीण नाही त्या डोंगरात.”

“एकटाच?”

दादांनी फोन मला परत दिला आणि शेताकडे गेले. हे माझ्याकडे रागाने बघत बसले. मलाही कसंतरीच झालं. तासाभराने दादा आले ते खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन. ते त्यांनी गोठ्यात फेकलं, हात झटकले आणि भावाला म्हणाले, “ते झटका मशीन का काय म्हंतो, ते आणून दे जल्दी.”

ह्यांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. “पण दादा, तो तर पोचला ना?”

“तो पोचला रे,” दादा म्हणाले. “पर तिला आजून यायचंय ना.”